खानदेशची कपाशी आणि मुंबईचा कागद

तेजीच्या दिवसांत मुंबईत बँक ऑफ बॉम्बेच्या एका शेअरला २,८५० रुपये मिळाले होते. १८६५ची मंदी आल्यावर तोच शेअर ८७ रुपयांवर आला. मुंबईच्या शेअर बाजाराचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेक पुस्तकांत हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. लेखक तिथे एक सुस्कारा टाकतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. त्या दिवसांत ज्याच्या तिजोरीत रोख रक्कम शिल्लक होती, त्याने हा भाव ऐकून काय विचार केला असेल? सरकार स्वतः जिचे भागधारक आहे अशी, इलाख्यातली सर्वांत मोठी बँक, आणि तिचा शेअर जुन्या भावाच्या तीन टक्क्यांवर. मंदीत घ्यावे आणि तेजीत विकावे, हे व्यापाऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. मग ८७ रुपयांना तो शेअर स्वस्त होता का?

या प्रश्नाचे उत्तर मी खानदेशातून शोधू पाहतो. मुंबईच्या त्या बाजारात खरेदी-विक्री कागदाची होत होती, पण कागदाला किंमत आणणारी वस्तू इथल्या काळ्या जमिनीत उगवत होती, तशीच ती वऱ्हाडात, गुजरातेत आणि धारवाडात उगवत होती. शेअर मेनियाच्या गोष्टी मुंबईकरांनी पुष्कळ सांगितल्या. दिनशा वाच्छांनी १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तकच लिहिले. त्या गोष्टींत प्रेमचंद रायचंद आहेत, बॅक बे आहे, गव्हर्नर फ्रिअर आहेत. कपाशी मात्र गठ्ठ्यात बांधलेली, बंदरावर उतरल्यानंतरचीच दिसते. ती कुठून आली, कोणी पिकवली आणि भाव पडल्यावर पिकवणाऱ्याचे काय झाले, हा भाग पुस्तकांच्या कडेला राहून जातो.

मूळ घटना सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात. १८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिंकनच्या सरकारने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या तोवर बहुतांश अमेरिकन कापसावर चालत. तो थांबला तेव्हा त्यांना हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाकडे वळावे लागले. तिथे या सगळ्या मालाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि शिव्या देत देत तो कातत. १८६२मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश हिंदुस्थानातला होता. मुंबईत खंडीचा भाव युद्धापूर्वीच्या चौपटीच्या आसपास गेला. युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा जास्तीचे म्हणून सात-आठ कोटी पौंड मुंबईकडे आले, असा अंदाज त्या काळच्या लेखकांनी केला आहे. त्या वेळच्या हिशेबाने हे सत्तर-ऐंशी कोटी रुपये होतात.

यातला खानदेशचा वाटा जळगावच्या वाढीत सर्वांत स्पष्ट दिसतो. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये जळगावाविषयी थोडीच, पण मोलाची माहिती आहे. अमेरिकन युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६५, जळगाव ही खानदेशातली कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपल्यावर भाव पडले तेव्हा गावाने बराच मार खाल्ला. आणि तरीही त्यानंतर ते सतत वाढत गेले. पुढे जे सांगायचे आहे त्याचा सांगाडा या तीन गोष्टींत आहे. धुळे हे जिल्ह्याचे ठाणे. कॅप्टन ब्रिग्जच्या काळापासून तिथे कचेरी होती, वस्ती होती, आग्रा रोडची वाहतूक होती. पण रेल्वेने धुळ्याला बगल दिली आणि ती चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला तो १९०० साली. दोन गावांमधला आजचा फरक समजून घ्यायला या चाळीस वर्षांचा विचार करावा लागतो.

रेल्वेचीही एक विचित्र गोष्ट आहे. घाटमाथ्यावरचा लोहमार्ग आधी तयार झाला, पण कसारा घाट, म्हणजे जुन्या कागदांतला थळ घाट, काही उरकेना. त्यामुळे तेजीच्या ऐन वर्षांत कापसाचे गठ्ठे घाटापर्यंत गाडीने आणून, मग बैलगाड्यांनी खाली उतरवून, पुन्हा गाडीत चढवावे लागत. घाट रेल्वेसाठी खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. जळगावच्या स्टेशनापासून मुंबईच्या गोद्यांपर्यंत सलग वाट झाली, आणि शंभर दिवसांच्या आत, ९ एप्रिलला, तिकडे जनरल लीने शरणागती पत्करली. ज्या मालासाठी वाट बांधली त्याचा भाव वाट पूर्ण होताहोताच कोसळला. गुंतवणुकीच्या भाषेत याहून वाईट मुहूर्त सापडणे कठीण. पण तो लोहमार्ग आजही आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

त्या वर्षांत सरकारचे लक्षही कपाशीकडे लागलेले होते. माल भिजवून वजन वाढवणे, रुईत सरकी आणि माती मिसळणे हे प्रकार इतके वाढले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी गावठी बियाणे हटवून हिंगणघाटचे बियाणे पसरवण्याचा धडाका लावला. शेतकऱ्याच्या हाती रोकड खेळू लागली हे खरे. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची गोष्ट त्याच काळातली म्हणून सांगतात. वऱ्हाडात सांगतात, गुजरातेत सांगतात, धारवाडकडे सांगतात, आणि प्रत्येक ठिकाणी ती शेजारच्या तालुक्यात घडलेली असते. एखाद्या पाटलाने ती हौस केलीही असेल. पण चांदीची धाव खडीच्या रस्त्यावर किती दिवस टिकेल, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते ती गोष्ट शेतकऱ्याच्या श्रीमंतीपेक्षा ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी जास्त सांगते.

कापसाचा बहुतेक नफा अडत्या, दलाल, निर्यातदार अशा पायऱ्यांनी मुंबईत जाऊन साचला. साचलेल्या पैशाला वाट हवी असते. ती कंपन्यांनी दिली. जानेवारी १८६५मध्ये मुंबईत किती कंपन्या होत्या त्याची मोजदाद उपलब्ध आहे: ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन म्हणजे कर्ज देणाऱ्या पेढ्या, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या. सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची ही योजना होती. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

ही यादी वाचून एखादा शहाणा गुंतवणूकदार म्हणाला असता की मी जोखीम विभागली आहे. थोडे बँकेत, थोडे जमिनीत, थोडे जहाजात, थोडे विम्यात. पण यादी नीट वाचा. प्रेस कंपनी कापूस दाबणार, जहाज कंपनी तो नेणार, विमा कंपनी त्याच जहाजाचा विमा उतरवणार. जमीन कंपनी त्याच गठ्ठ्यांसाठी गोदी आणि गोदामे बांधणार किंवा कापसात श्रीमंत झालेल्यांना बंगल्यासाठी जागा विकणार. बँक या सर्वांना कर्ज देणार, तेही त्यांचेच शेअर तारण ठेवून. नावे शंभर होती आणि माल एकच होता. शंभर कंपन्यांचे शेअर घेणारा माणूसही शेवटी लिव्हरपूलच्या कापसाच्या भावावरच पैज लावत होता.

बँक ऑफ बॉम्बेचे दुखणे तर आणखी खोल होते. १८४०मध्ये स्थापन झालेल्या या बँकेवर जुन्या सनदेनुसार शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास बंधन होते. १८६३च्या नव्या कायद्यात ते बंधन सैल झाले. तेजीच्या ऐन भरात कुंपण काढले गेले आणि बँकेची कर्जे अशा कागदांवर उभी राहिली ज्यांची किंमत त्या कर्जांमुळेच वाढत होती. प्रेमचंद रायचंद यांचा बँकेतला दबदबा आणि त्यांच्या शब्दावर सुटलेली कर्जे यांची हकिकत पुढे १८६८च्या चौकशी आयोगापुढे आली. प्रेमचंदांना खलनायक करण्याची रीत आहे, तशी त्यांच्या दानाकडे पाहून त्यांना सोडून देण्याचीही रीत आहे. राजाबाई टॉवरसाठी आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी दिलेले चार लाख रुपये त्याच वर्षांतले. मला यात एका माणसाच्या हुशारीपेक्षा त्या काढलेल्या कुंपणाचे महत्त्व जास्त वाटते.

बाजारात वायद्याचे सौदे पुढच्या तारखेचे होते आणि १ जुलै १८६५ ही मोठ्या चुकत्याची तारीख ठरलेली होती. तेव्हा अटलांटिक महासागराखालून तार पोहोचली नव्हती. ती १८६६ साली पोहोचली. अमेरिकेची बातमी बोटीने इंग्लंडला आणि तिथून इराणी आखातातल्या नव्या तारेने किंवा टपालाने मुंबईला येई. ती आली, आणि वायद्यात घेणारे आणि देणारे दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. बेहरामजी होरमसजी कामा यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्याचे दिवाळे जुलै उजाडण्याआधीच निघाले होते. १ जुलैला चुकते होऊ शकले नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची कमाईही या लाटेत गेली. नाना शंकरशेठ त्याच महिन्याच्या ३१ तारखेला वारले. मुंबईच्या एका पिढीचा तो शेवटच म्हणायचा.

आता पुन्हा तो ८७ रुपयांचा शेअर.

पडलेला बाजार एका दिवसात तळ गाठत नाही, आणि १८६५चा तर फारच फसवा निघाला. शरणागतीच्या बातमीने आपटलेले कापसाचे भाव त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर लिव्हरपुलात पुन्हा चांगलेच वर गेले. अमेरिकेतली शेती उद्ध्वस्त झाली होती, गुलामी संपली होती, तिथून माल लगेच येणार नव्हता. ज्यांनी जुलैत धीर धरला होता त्यांना ऑक्टोबरात आपण बरोबर होतो असे वाटले असेल. मग मे १८६६मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, तिचे धक्के मुंबईपर्यंत आले, आणि प्रेमचंदांनीही त्याच वर्षी हात टेकले. अमेरिकन कापूस परत येऊ लागला तसा सुरतेचा भाव घसरत राहिला. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल जवळजवळ संपूर्ण बुडाले. ती गुंडाळली गेली आणि १८६८मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. जुन्या शेअरवाल्याला नव्या बँकेच्या नावाचा काही उपयोग नव्हता. बॅक बे कंपनीही मोडीत निघाली.

तेव्हा उत्तर असे, की ८७ रुपये महाग होते. २,८५०शी तुलना केली म्हणून तो भाव स्वस्त दिसला. खरी तुलना करायला हवी होती बँकेकडे उरलेल्या मालमत्तेशी, आणि तिच्याकडे उरले होते दुसऱ्या बुडीत कंपन्यांचे कागद.

याच मंदीत वेगळा निकाल लागलेली एक कंपनी आहे. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. तिचेही शेअर फुगले होते आणि तेही पडले. पण बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर तिने खरोखर भर घातली होती, धक्के बांधले होते, मालाची चढउतार तिथे होत होती. कापूस स्वस्त झाला तरी गठ्ठे यायचे थांबले नव्हते. १८७०मध्ये सरकारने तिची मिळकत विकत घेतली आणि १८७३च्या पोर्ट ट्रस्टला त्यातूनच पाया मिळाला. तिच्या भागधारकांना निदान विकत घेणारा भेटला. भावावर कमावणारी कंपनी आणि मालाच्या वाहतुकीवर कमावणारी कंपनी यांत फरक असतो. तेजीत तो दिसत नाही, कारण तेव्हा दोन्हींचे शेअर सारखेच उड्या मारतात.

एकाच मालावर अख्खा बाजार उभा असण्याचा प्रकार काही त्या शतकाबरोबर संपला नाही. तेल आणि वायूवर चालणारा रशियाचा शेअर बाजार घ्या. मे २००८मध्ये तिथला डॉलरमधला निर्देशांक २,४०० अंशांच्या वर होता. तेल कोसळले आणि जानेवारी २००९मध्ये तो ५०० च्या आसपास आला. नफ्याच्या मानाने तिथले शेअर वर्षानुवर्षे जगात सर्वांत स्वस्त गणले जात. पण तो नफा तेलाच्या कालच्या भावाने मोजलेला असे. शिवाय कागद विकण्याचा दरवाजा कोणाच्या हातात आहे हाही प्रश्न असतो: फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस मॉस्कोचा शेअर बाजार जवळजवळ महिनाभर बंद राहिला आणि परदेशी गुंतवणूकदार आत अडकले. २००९च्या तळाशी घेऊन वेळेत बाहेर पडलेल्यांनी उत्तम कमावले, हेही खरे. पण त्यांनी रशियाचे शेअर घेतले असे म्हणण्यापेक्षा तेल घेतले असे म्हणणे जास्त बरोबर.

खानदेशात काय चालले होते? इथल्या शेतकऱ्याकडे शेअर नव्हता, म्हणून तो बुडाला नाही, असे कोणाला वाटेल. त्याच्याकडे त्या शेअरची उलटी बाजू होती. तेजीत त्याची पत वाढली. सर्वेनंतर जमिनीवरचा हक्क विकता किंवा गहाण टाकता येऊ लागला होता, त्यामुळे सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. लग्नकार्ये, विहिरी, बैल यांसाठी घेतलेली ही कर्जे रुपयांत ठरलेली होती आणि फेडायची कपाशीतून होती. कपाशीचा भाव निम्म्यावर आला की तेच कर्ज दुप्पट कपाशीचे होते. मुंबईच्या सटोडियाचे दिवाळे एकदा निघाले आणि संपले. त्याच्यासाठी १८६५मध्येच दिवाळखोरीचा खास कायदाही झाला. शेतकऱ्याला तशी सोय नव्हती. १८५९च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी खत नवे करून घेई आणि व्याज मुद्दलात जाई. १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत वह्या-खते जाळली गेली, आणि त्यावरच्या आयोगाने कर्जाची मुळे शोधताना कापसाच्या तेजी-मंदीची नोंद घेतली. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. कपाशीचा जिल्हा खानदेश त्यात नव्हता. इथे दंगा झाला नाही, म्हणून कायदाही आला नाही. वास्तविक सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी १८५२ साली सर्वेविरुद्ध मोठा उठाव करून पाहिला होता. तो लष्कर आणून मोडला गेला.

मंदीचा खरा लाभ उठवणारे मग कोण? ज्यांनी धूळ बसेपर्यंत वाट पाहिली आणि कागदाऐवजी यंत्र घेतले, ते. जमशेटजी टाटांच्या वडिलांची पेढी या पडझडीत सापडली होती. तरुण जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये कापसाचा व्यवहार सांभाळत होते. १८६९मध्ये त्यांनी चिंचपोकळीतली बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, ती दोन वर्षांत विकली, आणि पुढची गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढली. १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली ती एम्प्रेस मिल. कापूस ज्या रानात पिकतो तिथे गिरणी आणि जवळून जाणारा तोच ‘जीआयपी’चा लोहमार्ग. कच्चा माल स्वस्त झाला की निर्यातदार रडतो, पण गिरणीवाल्याचा खर्च कमी होतो, ही साधी गोष्ट १८६५च्या मुंबईत फार थोड्यांच्या ध्यानात आली होती. त्याच दशकात जळगावला स्टेशनाजवळ खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. तिच्याशी जोडलेले मूळजी जेठा हे नाव आजही जळगावच्या महाविद्यालयावर आहे. गॅझेटियर जे म्हणते, की मार खाऊनही गाव वाढत राहिले, त्यामागे ही गिरणी, प्रेस आणि रेल्वे आहेत.

खानदेशच्या मातीत शेअर रुजला तो मात्र पुढच्या शतकात, आणि तोही शेतमालाच्याच कंपनीचा. २९ डिसेंबर १९४५ला अमळनेरमध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी. भुईमुगापासून वनस्पती तूप करायचे, पेंड विकायची, साबण काढायचा, असा धंदा. अमळनेरच्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले. शेंगदाण्याच्या भावाबरोबर वरखाली होणारी ती एक साधी कंपनी होती. १९६६ साली प्रेमजी वारले तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या अझीम यांना स्टॅनफर्डहून परतावे लागले आणि भागधारकांच्या सभेत त्यांना कंपनी विकून टाकण्याचा सल्लाही मिळाला. ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. शेअर न विकता ठेवणाऱ्या अमळनेरकरांच्या संपत्तीच्या बातम्या इंग्रजी वृत्तपत्रांनी पुष्कळदा छापल्या आहेत.

त्या बातम्या वाचून ‘धरून ठेवा’ असा धडा काढला जातो. मला तो पटत नाही. विप्रोचा शेअर फळला कारण कंपनी शेंगदाण्यातून बाहेर पडून संगणकात गेली. ती तेलघाणीच राहिली असती तर धरून ठेवणाऱ्याच्या हाती काय राहिले असते, हे पाहायला अमळनेरहून लांब जावे लागत नाही. त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल १९७४च्या राष्ट्रीयीकरणात आजारी गिरणी म्हणून सरकारकडे गेली. धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडली. जळगावची खानदेश मिल, जिने मंदीतून शहर सावरले, तीही बंद पडली आणि तिच्या जागेवर आता ‘खानदेश सेंट्रल’ नावाची बाजारसंकुलाची इमारत आहे. या गिरण्यांवर कोणी बातम्या छापत नाही. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडणारा प्रवासी तिच्यासमोरून जातो. आतमध्ये तयार कपड्यांची दुकाने आहेत, आणि दिवाळीच्या आधी जिल्ह्यातली नवी कपाशी बाजारात येऊ लागते तेव्हा तिच्या भावाची चौकशी गावागावांत मोबाइलवर चालू असते.